रोग दिसला नाही, म्हणजे वाण प्रतिकारक आहे का? रबराची पानं आणि आपलं डाळिंब

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सांगोला तालुक्यातले डाळिंब बागायतदार. त्यांच्या मेहुण्यांची सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला रबराची बाग आहे. नव्या लागवडीसाठी एक रोपवाटिका ‘पानावर रोग न येणारी’ रबराची रोपं देऊ करतेय आणि पुरावा म्हणून हिरव्यागार, स्वच्छ झाडांचे फोटो दाखवतेय. असा दावा तपासतात कसा? आणि तीच पद्धत तेल्यासाठी, म्हणजे तेलकट डाग पाडणाऱ्या रोगासाठी, डाळिंबाला लावता येईल का?

मी वनस्पती रोगशास्त्रातला माणूस. नोकरीचा बराच काळ रबराच्या पानांवरचे डाग मोजण्यात गेला, आता मुक्काम जुळे सोलापूर. त्यामुळे प्रश्नाची दोन्ही टोकं ओळखीची आहेत.

फोटोवरून काही ठरत नाही, हे आधीच सांगून टाकतो. झाडावर रोग नसण्याची कारणं दोन असतात. एक तर झाड रोगाला दाद देत नाही, किंवा रोग त्या झाडापर्यंत नीट पोचलेलाच नाही. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. वाणांची चाचणी म्हणजे ही दोन कारणं एकमेकांपासून वेगळी काढणं. बाकी पेट्रीडिश, सूक्ष्मदर्शक, आकडेमोड हा सगळा त्याचाच सरंजाम.

उद्या कुणी सोलापुरात रबर लावून, भरपूर पाणी पाजून जगवलंच, तर त्याच्या पानांवर बुरशीचे डाग क्वचितच दिसतील. इथला पाऊस वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर, रबराला २,००० च्या पुढे आणि तोही वर्षभर विभागून लागतो. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की पानावर बीजाणू पडला तरी रुजायला ओल मिळत नाही. अशा ठिकाणी रबराचं कुठलंही वाण ‘रोगप्रतिकारक’ ठरेल. पोहता येतं का हे कोरड्या विहिरीत उतरून बघण्यातला प्रकार. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा, की ही झाडं कुठे उभी आहेत? घाटाखालच्या ओल्या, गच्च झाडीच्या पट्ट्यात, की उघड्या, वारा खेळणाऱ्या माळावर?

हे नुसतं शंका काढणं नाही. ब्राझील हे रबराचं माहेर, पण तिथल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यात दक्षिण अमेरिकी पानकरपा हा रोग रबराची बाग टिकू देत नाही. आज ब्राझीलचं सर्वाधिक रबर साओ पावलो राज्यातून येतं. तिथे झाडं जुनी पानं टाकून नवी काढतात तेव्हा हवा कोरडी असते, त्यामुळे करप्याला कोवळं पान आणि ओल एकत्र सापडत नाहीत. ही रोगाला दिलेली हुलकावणी आहे. ती उपयोगाची आहेच, पण तेच झाड उचलून ॲमेझॉनमध्ये लावलं तर करप्याने जाईल.

हुलकावणी एकाच बागेतल्या दोन वाणांमध्येही घडते. रबर हिवाळ्यात पानं झाडतं आणि मग सगळं झाड एकदम नव्या पालवीने भरतं. काही क्लोन (एकाच झाडापासून कलमाने वाढवलेली वाणं) लवकर पालवतात, काही उशिरा. लवकर पालवलेल्याची पानं भुरी या पांढऱ्या बुरशीचे बीजाणू हवेत वाढायच्या आतच जून होतात, उशिराचा नेमका सापडतो. बघणाऱ्याला वाटतं, पहिला क्लोन प्रतिकारक आहे. पुढच्या वर्षी पाऊस लांबला, पालवी मागे-पुढे झाली, की तोच क्लोन भुरीने पांढरा होतो. म्हणून बागेतल्या नोंदीत ‘पालवी कधी फुटली’ हा रकाना नसेल तर त्या नोंदी मी बाजूला ठेवतो.

दुसरा प्रश्न: कुठल्या पानरोगाला प्रतिकारक? ‘पानावर रोग येत नाही’ हे वाक्य रबराच्या बाबतीत अर्धवट आहे. भुरी वेगळी, कॉलेटोट्रिकम या बुरशीचे डाग वेगळे, कोरिनेस्पोरा या दुसऱ्या बुरशीची पानगळ वेगळी आणि पावसाळ्यातली, बुरशीसारख्या फायटोफ्थोराची पानगळ अजून वेगळी. एका रोगाला खंबीर असलेला क्लोन दुसऱ्यापुढे लोळण घेतो. आरआरआयएम ६०० हा नावाजलेला मलेशियन क्लोन फायटोफ्थोराला सहज बळी पडतो. केरळमधल्या कोट्टायमच्या रबर संशोधन संस्थेचा आरआरआयआय १०५ म्हणजे भारतातल्या रबराचा कित्येक वर्षांचा राजा, चीक भरपूर. पण १९९० च्या दशकात दक्षिण कर्नाटकात कोरिनेस्पोराची साथ आली तेव्हा मार सगळ्यात जास्त त्यालाच बसला. जीटी १ हा जुना क्लोन मात्र त्याच रोगापुढे बऱ्यापैकी तग धरतो. म्हणून आपल्याकडच्या कोरिनेस्पोराच्या चाचणीत हे दोघे हमखास असतात, एक पडणारा म्हणून आणि एक टिकणारा म्हणून.

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा थांबतो. चाचणीत पडणारं वाण पडलंच पाहिजे. आरआरआयआय १०५ च्या पानावर डाग आले नाहीत, तर त्या दिवशीची सगळी चाचणी रद्द, मग नव्या वाणाचं पान कितीही स्वच्छ दिसो. बुरशी मेलेली असेल, ओल कमी पडली असेल, पान जून असेल, काहीही असेल. रोपवाटिकेने दाखवलेल्या फोटोत शेजारी पडणारं वाण उभं आहे का? तेही रोगाने झोडपलेलं आहे का? नसेल तर तो फोटो कॅलेंडरवर छापायच्या लायकीचा, त्यापलीकडे काही नाही.

आता प्रत्यक्ष पद्धत. कोरिनेस्पोराचंच उदाहरण घेतो, कारण कोकणच्या ओल्या पट्ट्यात नव्या लागवडीला त्याचा विचार करावाच लागतो.

सगळ्या क्लोनची रोपं एकाच प्रकारच्या खुंटावर डोळा भरून, एकाच मापाच्या पिशवीत, एकाच खतावर वाढवायची. मग वाट बघायची ती पालवीची. रबराचं पान फुटतं तेव्हा आधी लहान, गडद लालसर असतं, मग तांबूस होऊन मऊ कापडासारखं खाली लोंबतं, नंतर पोपटी होतं आणि शेवटी ताठ, गर्द हिरवं. चाचणीला पान लागतं ते त्या तांबूस, लोंबत्या अवस्थेतलं. पान एकदा ताठ झालं की वरचा मेणचट थर जाड होतो आणि बऱ्याच बुरश्यांना आत शिरता येत नाही. कोरिनेस्पोरा जून पानावरही येतो, पण कोवळ्यावर त्याचा खरा जोर. एका वाणाचं तांबूस पान आणि दुसऱ्याचं पोपटी पान शेजारी ठेवून केलेली तुलना म्हणजे वाणांची नव्हे, पानांच्या वयाची तुलना. ‘प्रतिकारक’ म्हणून गाजावाजा झालेल्या कित्येक निकालांच्या मुळाशी मला एवढंच सापडलेलं आहे.

रबराच्या एका पानाला तीन दलं, म्हणजे तीन छोटी पानं, असतात, ही सोय देवानेच केलेली. मधल्या दलावर बीजाणूंचा थेंब ठेवायचा, बाजूच्या एकावर नुसत्या निर्जंतुक पाण्याचा. पाण्याच्या थेंबाखालीही डाग आला तर दोष हाताळणीत आहे. थेंब पानाच्या खालच्या बाजूला ठेवायचा. त्यातले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली खुणांच्या काचेवर मोजून सारखे केलेले असावे लागतात, साधारण मिलिलिटरला दहा हजार ते लाखाच्या दरम्यान. कोरिनेस्पोरा इथे त्रास देतो. प्रयोगशाळेतल्या खाद्यावर तो रुईसारखा वाढतो पण बीजाणू धरायला कुरकुरतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या काचेत वाढवला की त्याचा जोरही ओसरतो. म्हणून मधूनमधून त्याला जिवंत पानावर लावून, डागातून पुन्हा वेगळा काढून घ्यावा लागतो. कपाटात वर्षभर पडलेल्या नळीतली बुरशी लावून वाण पास झालं, तर पास झाली ती नळी.

मग ही पानं तोडून, किंवा त्यांच्या चकत्या कापून, ओल्या टिपकागदावर, झाकलेल्या डब्यात, २५ ते २८ अंशांना. कोट्टायमला हे सोपं जातं, तिथली हवाच ओली. सोलापुरात एप्रिलमध्ये असा डबा उघडा राहिला तर पानाच्या चकत्यांच्या कडा बघताबघता वळायला लागतात, आणि वळलेल्या कडेचा तपकिरी रंग नवख्याला डागच वाटतो. तोडलेलं पान तसंही म्हातारं व्हायला लागतं आणि कोरिनेस्पोरा मेलेल्या पेशींवरही मजेत जगतो. त्यामुळे पाचेक दिवसांच्या पुढची नोंद मी धरत नाही. त्यानंतर जे दिसतं त्यात झाडाचा प्रतिकार किती आणि पानाचं मरण किती, हे सांगता येत नाही.

काय मोजायचं? डाग किती दिवसांनी दिसला, त्याचा व्यास किती, आणि डागावर नवे बीजाणू कधी व किती आले. तिसऱ्या गोष्टीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि साथ तर तिच्यावरच चालते. डाग मोठा पण बीजाणू नाहीत, असं वाण बागेत रोग पसरवत नाही. डाग लहान पण चौथ्या दिवशीच बीजाणूंनी काळा झालेला, असं वाण शेजाऱ्यालाही घेऊन बुडतं.

कोरिनेस्पोरात आणखी एक मेख आहे. ही बुरशी कॅसिकोलिन नावाचं विष सोडते, अवघ्या २७ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ते शिरांवाटे पसरतं, म्हणून डागाभोवतीच्या शिरा काळ्या पडून माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते. ती दिसली की कोरिनेस्पोराच. आणि मुख्य शिरेवर पडलेला एकच डाग अख्खं दल गाळतो. ‘पानाचा किती टक्के भाग डागाळला’ एवढंच मोजलं तर हे दल दोन टक्क्यांत जाईल, आणि प्रत्यक्षात ते जमिनीवर पडलेलं असेल. गळलेली दलं वेगळी मोजायची ती त्यासाठी.

या विषाचाच वापर करून एक झटपट चाचणी करतात. पानाच्या चकत्या विषाच्या पाण्यात ठेवायच्या आणि पेशींतून क्षार किती झिरपतात ते विद्युतवाहकतेच्या मीटरवर बघायचं. शेकडो रोपांतून पहिली चाळणी मारायला उत्तम. पण ती चाळणीच, कारण कॅसिकोलिनचे प्रकार अनेक आहेत आणि काही बुरश्या हे विष बनवणारं जनुक नसतानाही रोग आणतात. म्हणून शेवटी जिवंत बुरशी लागते, आणि तीही वेगवेगळ्या भागांतून गोळा केलेली. एका गावच्या बुरशीवर पास झालेलं वाण दुसऱ्या जिल्ह्यात टिकेलच असं नाही.

फायटोफ्थोराला मात्र ही पानाच्या चकत्यांची पद्धत फारशी लागू पडत नाही. तो पावसाळ्यात हिरव्या फळांवर आणि देठावर बसतो. देठावर काळा डाग, त्याच्या मधोमध गोठलेल्या चिकाचा पांढरा थेंब, आणि पान हिरवंच्या हिरवं खाली. पानाचा पृष्ठभाग तपासून या रोगाबद्दल बोलणं फुकट आहे, तिथे देठ आणि फळं घ्यावी लागतात.

दोन गोष्टी कंटाळवाण्या आहेत पण टाळता येत नाहीत. एकाच पानाच्या वीस चकत्या म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत, तो एकच साक्षीदार वीस वेळा बोलतोय. मोजणी रोपांची, चकत्यांची नाही. दुसरं, डब्यांवर वाणाचं नाव लिहायचं नाही, क्रमांक टाकायचे. आवडत्या वाणाचा डाग आपल्याच डोळ्याला मिलिमीटरभर लहान दिसतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी नावं झाकून आणि उघडून एकदा मोजून बघावं.

डब्यातून निघालेली वाणं मग बागेत जातात, आणि रोग हमखास येतो अशाच ठिकाणी. कोरिनेस्पोरासाठी कर्नाटकातल्या दक्षिण कन्नडचा पट्टा, तिथे पडणाऱ्या वाणाच्या ओळी मध्येमध्ये लावून, फवारणी न करता, काही हंगाम. डहाणूजवळ दापचरीलाही रबराचं संशोधन केंद्र आहे, पण तिथलं काम मुख्यतः उन्हाच्या आणि पाण्याच्या ताणाचं. दापचरीत तगलेला क्लोन दोडामार्गच्या पावसात पानरोगाला तगेल, असा अर्थ कुणी काढू नये. दोन्ही कोकणच, पण दोन टोकं.

दक्षिण अमेरिकी करप्याची गोष्ट वेगळीच. तो आशियात अजून आलेला नाही, म्हणून त्याची चाचणी भारतात करताच येत नाही, बुरशी आणायलाच बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आशियातले क्लोन त्या रोगासाठी ब्राझील किंवा फ्रेंच गयानात तपासले जातात. आणि इथे इतिहास फार बोलका आहे. १८७६ मध्ये हेन्री विकम या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातली थोडी रोपं जगली आणि आशियातलं जवळजवळ सगळं रबर त्यांचाच वंश. इथे करपा नव्हता, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती फक्त चिकासाठी. मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९२८ मध्ये ॲमेझॉनमध्ये फोर्डलँडिया हा रबराचा मळा उभारला, १९३४ मध्ये बेल्टेरा हा दुसरा, आणि पूर्वेकडचे भरघोस चिकाचे क्लोन तिथे परत नेले. करप्याने त्यांचा फडशा पाडला. १९४५ मध्ये फोर्डने सगळा पसारा ब्राझील सरकारच्या गळ्यात घातला. जिथे रोगच नाही तिथे निवडलेल्या वाणात प्रतिकार उरण्याचं काही कारण नसतं.

फोर्डच्या लोकांनी नंतर जंगली, प्रतिकारक झाडांशी संकर करून एफएक्स मालिकेचे क्लोन काढले. काही वर्षं पानं निष्कलंक राहिली, मग बुरशीचे नवे प्रकार आले आणि बरेचसे क्लोन कोसळले. श्रीलंकेत आरआरआयसी १०३ या मोठ्या आशेने लावलेल्या क्लोनवर १९८० च्या दशकाच्या मध्यात कोरिनेस्पोरा इतका बसला की बागा उपटाव्या लागल्या. म्हणून एकही डाग न येणारं वाण बघून मी खूश होत नाही. माझी पसंती थोडे डाग येणाऱ्या, पण ते सावकाश वाढणाऱ्या, उशिरा आणि कमी बीजाणू धरणाऱ्या वाणाला. असा प्रतिकार बहुधा अनेक जनुकांत विभागलेला असतो, बुरशीला तो एका फेऱ्यात मोडता येत नाही. प्रदर्शनात तो दिसायला मात्र अगदीच सामान्य. आणि रबर एकदा लावलं की पंचवीस-तीस वर्षं उभं असतं, डाळिंबासारखं मध्येच मन बदलता येत नाही.

चिकाचा विचारही सुटत नाही. एलसीबी ८७० हा क्लोन भुरीला दाद देत नाही पण चिकात मागे. त्यावर काही ठिकाणी खोड भरघोस चिकाच्या क्लोनचं आणि वरचा शेंडा प्रतिकारक क्लोनचा, असं दुहेरी कलम करतात. कल्पना छान, पण मजुरी आणि वेळ दोन्ही खाते.

आता डाळिंब. तेल्याचा कारभारी बुरशी नसून झँथोमोनास हा जिवाणू आहे, तरी चाचणीचे नियम बदलत नाहीत. आपल्याकडची परिस्थिती तर रबराशी हुबेहूब जुळते. भगवा हा इथला नेहमीचा वाण गुटी कलमाने, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून, वाढतो, म्हणजे सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बागा एकाच झाडाच्या प्रती आहेत. एक पडला की सगळे पडणार. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने, जे २००५ पासून इथे आहे, सोलापूर लाल हा वाण काढला. त्याच्या वंशात भगवा, गणेश, नाना आणि हिमालयातलं जंगली दारू डाळिंब आहे. तो लोह-जस्तासाठी नावाजला जातो, तेल्या न येण्यासाठी नव्हे, हे विकणाऱ्याकडून ऐकताना लक्षात असू द्या. तसंच ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपाचं. ते रोगाशिवाय तुमच्या शेतात येतं, हा फायदा खरा. पण शेजारच्या बागेतला जिवाणू पावसाच्या उडत्या थेंबांवर आला की तेही भगव्यासारखंच आजारी पडतं, कारण ते भगवाच आहे.

हस्त बहारात, म्हणजे पावसाळा सरताना धरलेल्या फळहंगामात, तेल्या कमी दिसला, ही पुन्हा हुलकावणी. बहार बदलून नुकसान टाळा, जरूर टाळा, पण वाणाची परीक्षा घ्यायची तर मृगातच, म्हणजे पावसाळ्यातल्या बहारातच.

घरी जिवाणू वाढवून झाडाला लावायच्या भानगडीत कृपा करून पडू नका. ते काम बंदिस्त ठिकाणचं, वापरलेली प्रत्येक गोष्ट उकळत्या वाफेत मारून टाकायची शिस्त असेल तिथलं. तुम्हाला करता येण्यासारखं इतकंच आहे: दावा केलेल्या वाणाची काही झाडं भगव्याच्या झाडांमध्ये, मुख्य बागेपासून दूरच्या, वाऱ्याखालच्या कोपऱ्यात, मिसळून लावा. त्या कोपऱ्याची कात्री वेगळी ठेवा. मृग धरा, तेवढ्या झाडांवर फवारणी थांबवा आणि दर आठवड्याला पान, फांदी आणि फळ वेगवेगळं नोंदवा. पानावर कमी दिसणारा तेल्या फळावर कमी असेलच असं नसतं, आणि भाव तर फळाचाच पडतो. फळावरच्या तेलकट डागाला चीर गेली की नाही, फांदीच्या गाठीवर काळं कडं धरलं की नाही, हे वेगळे रकाने करा. एका पावसाळ्यावर निकाल देऊ नका, कोरडा गेलेला पावसाळा तर मोजूच नका. शेजारचा भगवा तेल्याने भरला नसेल तर त्या वर्षीची वही मिटून ठेवा.

मेहुण्यांनी रोपवाटिकेला विचारायचं ते असं: क्लोनचं अधिकृत नाव काय, डोळे कुठल्या मातृबागेतून घेतले, कुठल्या रोगासाठी आणि कुठे तपासलं, शेजारी कुठला पडणारा क्लोन होता आणि त्याचं काय झालं. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरावं. घ्यायचंच असेल तर सगळी बाग एका क्लोनची करू नये, तीन-चार क्लोन वेगवेगळ्या तुकड्यांत लावावेत. चीक काढणाऱ्याला थोडं गैरसोयीचं होतं, चालतं.

आणि सध्याच्या बागेतली डागाळलेली पानं मला दाखवायची असतील, तर ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवू नका. सावंतवाडीहून सोलापूरला येईपर्यंत त्यावर भलत्याच बुरश्यांची शेती झालेली असते. पानं वर्तमानपत्राच्या कोरड्या घडीत ठेवा, देठासकट, कोवळी आणि जून वेगळी. सोबत चिठ्ठीवर क्लोनचं नाव, झाडाचं वय आणि पालवी कधी फुटली ती तारीख लिहा.